थर्ड पार्टी ॲप घ्यावं की कंपनीचंच बरं? नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने

पुण्याच्या तापकीर गल्लीत नव्या फोनला काच लावून घ्यायला गेलात, तर काच बसवता बसवता दुकानातला मुलगा हमखास विचारतो, "काका, जीबी व्हॉट्सॲप टाकून देऊ का? ब्लू टिक दिसत नाही त्यात." सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी यूट्यूबच्या जाहिराती घालवणाऱ्या ॲपची फाईल टाकलेली असते. आणि घरातली कॉलेजला जाणारी भाची म्हणते की ती मॅस्टोडॉन (ट्विटरसारखंच एक समाजमाध्यम) टस्की नावाच्या ॲपवरून वापरते, मॅस्टोडॉनचं अधिकृत ॲप तिला आवडत नाही. तिघंही थर्ड पार्टी ॲपबद्दलच बोलतायत, म्हणजे मूळ सेवेऐवजी बाहेरच्या कुणी बनवलेल्या ॲपबद्दल. पण पहिलं ॲप तुमचं व्हॉट्सॲप खातं घालवू शकतं, दुसऱ्याची फाईल कुठून आली हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तिसरं खुशाल वापरावं असं आहे.

त्यामुळे "थर्ड पार्टी चांगलं की अधिकृत?" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. प्रत्येक सेवेसाठी ते वेगळं द्यावं लागतं. माझं उत्तर आधीच सांगतो. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामसाठी कधीही नाही. मॅस्टोडॉन, त्याच्यासारखंच ब्लूस्काय आणि काही प्रमाणात टेलिग्रामसाठी जरूर बघा, अनेकदा तेच सरस निघतं. फेसबुक, एक्स (म्हणजे पूर्वीचं ट्विटर), रेडिट, यूट्यूब यांच्यासाठी ॲपच्या भानगडीत न पडता फोनमधला ब्राउझर वापरा. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल. पुढचं सगळं हे असं का, आणि करायचं कसं, याबद्दल आहे.

पायरी पहिली: नेमकं काय खुपतंय ते ठरवा

"कंपनीचं ॲप बेकार आहे" ही तक्रार झाली, गरज नाही. गरज म्हणजे: जाहिराती फार येतात. ओळखीच्यांच्या पोस्ट दिसत नाहीत, भलत्यांच्याच दिसतात. फोन जुना आहे, ॲप अडकतं. दोन नंबर आहेत, दोन्हीवर व्हॉट्सॲप हवंय. दिसायला त्रास आहे, स्क्रीन रीडरने वापरायचंय. मंडळाच्या पानावर दहा दिवसांच्या पोस्ट आधीच लावून ठेवायच्यात. यातली तुमची कुठली ते एका वाक्यात कागदावर लिहा. हसू नका. नवं ॲप शोधायला निघालेली निम्मी माणसं इथेच घरी परततात, कारण त्यांची गरज जुन्याच ॲपच्या सेटिंग्जमध्ये दोन बोटं लांब असते.

पायरी दुसरी: ती सोय कंपनीच्याच ॲपमध्ये आली आहे का ते बघा

जीबी व्हॉट्सॲपचंच घ्या. लोक ते ज्या गोष्टींसाठी टाकायचे त्यातल्या बऱ्याचशा आता मूळ व्हॉट्सॲपमध्येच आहेत. ब्लू टिक बंद करता येते. सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसीत जा, रीड रिसीट्सचं बटण बंद करा. मग दुसऱ्याने तुमचं वाचलं की नाही हेही तुम्हाला दिसणार नाही, एवढा सौदा आहे. आपण ऑनलाईन आहोत हे लपवण्याची सोय २०२२ मध्ये आली. ठरावीक चॅट कुलूपबंद करणं आणि पाठवलेला मेसेज दुरुस्त करणं, दोन्ही २०२३ मध्ये आलं. त्याच वर्षी अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन नंबरची दोन खाती ठेवायची सोय झाली. "दुकान बंद आहे, उद्या बोलू" असं आपोआप उत्तर जायला हवं असेल तर व्हॉट्सॲप बिझनेस फुकट मिळतं, आणि ते कंपनीचंच आहे. राहता राहिलं काय, तर दुसऱ्याने डिलीट केलेला मेसेज चोरून वाचणं. त्यासाठी अख्खं खातं पणाला लावायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी लावणार नाही.

ओळखीच्यांच्या पोस्ट दिसत नाहीत ही फेसबुकबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. तिथे मेनूत फीड्स नावाचा कप्पा आहे, २०२२ पासून. त्यात मित्र आणि तुम्ही स्वतः निवडलेली पानं लागलेल्या क्रमाने दिसतात. एक्सवर "फॉर यू"च्या शेजारी "फॉलोइंग" आहेच, आणि स्वतःची लिस्ट बनवून ती वर पिन करून ठेवली तर आणखी उत्तम. पुण्याच्या पाण्याच्या, वाहतुकीच्या, हवामानाच्या बातम्या देणाऱ्या खात्यांची एक लिस्ट करून ठेवा, पावसाळ्यात उपयोगी पडते.

फोन जुना असेल तर फेसबुक लाइट २०१५ पासून आहे आणि तेही अधिकृतच आहे. मेसेंजरचं लाइट मात्र कंपनीने २०२३ मध्ये बंद केलं. अधिकृत आहे म्हणून कायम राहील असंही काही नाही.

पायरी तिसरी: त्या कंपनीने बाहेरच्यांना मुभा दिली आहे का?

सगळा निकाल या पायरीवर लागतो, म्हणून इथे थोडं थांबू.

बाहेरच्या माणसाने बनवलेलं ॲप चालायचं तर त्याला कंपनीच्या सर्व्हरशी बोलावं लागतं. कंपन्या त्यासाठी एक अधिकृत वाट ठेवतात, तिला एपीआय म्हणतात. ही वाट खुली असेल तर थर्ड पार्टी ॲप राजरोस चालतं. बंद असेल तर ॲप बनवणाऱ्याला मूळ ॲप फोडून त्यात फेरफार करावे लागतात. अशा फेरफार केलेल्या ॲपला लोक "मॉड" म्हणतात. आणि वाट आज खुली आहे पण उद्या बंद होऊ शकते, असाही एक प्रकार आहे. सगळ्यात जास्त मनस्ताप त्यानेच दिला.

ट्विटरचा इतिहास बघा. आपण यादी खाली ओढून सोडली की ती ताजी होते ना, ती ओढण्याची युक्ती ट्विटीत आली. ट्विटी हे लॉरेन ब्रिक्टर याने बनवलेलं थर्ड पार्टी ॲप होतं. ट्विटरने २०१० मध्ये ते विकत घेतलं आणि त्याचंच आपलं अधिकृत आयफोन ॲप केलं. ट्विटरिफिक तर २००७ पासून होतं, आणि पक्ष्याचं चिन्ह ट्विटरच्याही आधी त्यांनी वापरलं. म्हणजे "अधिकृत" म्हणून आपण जे वापरतो त्यातलं बरंचसं बाहेरच्यांच्या डोक्यातून आलेलं आहे. पण २०१२ मध्ये ट्विटरने बाहेरच्या ॲपना एक लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली. जानेवारी २०२३ मध्ये तर ट्वीटबॉट, ट्विटरिफिक वगैरे ॲप एका रात्रीत बंद पडली, आधी सूचना नाही, काही नाही. नियम बदलल्याचं कंपनीने त्यानंतर काही दिवसांनी कागदावर आणलं. ज्यांनी वर्षाची वर्गणी भरली होती ते बघत राहिले.

त्याच वर्षी रेडिट. अपोलो हे ख्रिश्चन सेलिग या एकट्या माणसाने उभं केलेलं आयफोन ॲप, अधिकृतपेक्षा कितीतरी सुबक. रेडिटने एपीआयला दर लावला: पाच कोटी विनंत्यांना १२,००० डॉलर. अपोलोचा वापर पाहता हिशेब वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरवर गेला. रेडिटवरच्या हजारो विभागांनी, म्हणजे विषयवार चर्चागटांनी, निषेध म्हणून दारं लावून घेतली, तरी कंपनी हलली नाही, आणि ३० जून २०२३ ला अपोलो बंद झालं. रेडरीडर, डिस्टोपिया, लूना अशा अपंगांच्या सोयीसाठी चालणाऱ्या, पैसे न कमावणाऱ्या ॲपना तेवढी सूट मिळाली. पुण्याच्या रेडिट विभागात खोली शोधायला किंवा रात्री उशिरा कुठे खायला मिळतं ते विचारायला जाणाऱ्यांनी हा इतिहास जाणून असावा, कारण रिले, नार्व्हाल अशी काही ॲप वर्गणी घेऊन अजून चालतात आणि मोह होतो. चालवा, पण वर्षाचे पैसे एकदम भरू नका. महिन्याचे भरा.

आता उलट बाजू. मॅस्टोडॉन ही एका कंपनीची मालमत्ता नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर मिळून ते बनतं. ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या खुल्या नियमांवर चालतं आणि हे नियम २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, मानक म्हणून मान्य केले. तिथे वाट मुद्दामच खुली आहे. गंमत म्हणजे मॅस्टोडॉनचं स्वतःचं अधिकृत ॲप आयफोनवर २०२१ मध्ये आलं, अँड्रॉइडवर २०२२ मध्ये. त्याआधी लोक बाहेरचीच ॲप वापरत होते. आणि अधिकृत आलं तेव्हा त्यात आपल्याच सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पोस्ट एकत्र बघायची सोय नव्हती, जी बाहेरच्यांत कधीपासून होती. अँड्रॉइडवर टस्की, आयफोनवर आइस क्यूब्ज, ही दोन्ही फुकट. पैसे द्यायची तयारी असेल तर आयफोनवर आयव्हरी, जे ट्वीटबॉटवाल्यांनीच ट्विटरने हाकलल्यावर काढलं. टस्कीत एखाद्या जुन्या फोनवरही बोट अडखळत नाही. मी इथे अधिकृतची शिफारस करणार नाही.

ब्लूस्कायचंही तसंच आहे, तेही खुल्या नियमांवर आहे. टेलिग्रामने आपल्या ॲपचा कोड कुणालाही वाचता येईल असा खुला ठेवलाय आणि बाहेरच्यांना स्वतःचा क्रमांक घेऊन ॲप बनवायची मुभा दिलीय. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या नोट्सचे डझनभर टेलिग्राम चॅनेल ज्याच्या फोनमध्ये आहेत, त्याला चॅटचे कप्पे पाडून देणारं प्लस मेसेंजर उपयोगी वाटेल. (कप्पे आता मूळ टेलिग्राममध्येही पाडता येतात. पायरी दुसरी विसरू नका.) विंडोज संगणकावर युनिग्राम आहे. टेलिग्राम एक्स हे नाव ऐकलं असेल, ते टेलिग्रामचंच दुसरं अधिकृत ॲप आहे.

आणि बंद वाटेवरचे. व्हॉट्सॲपने माणसांच्या खात्यांसाठी बाहेरच्या कुणालाच ॲप बनवू दिलेलं नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे तिथे दुसऱ्या मेसेजिंग सेवांशी जोडणी द्यावी लागते आहे, पण ती तिकडची गोष्ट. आपल्याकडे जीबी, एफएम, यो ही सगळी फोडलेली व्हॉट्सॲप आहेत. कंपनीला कळलं तर आधी काही काळ खातं बंद करते, आणि तरीही ऐकलं नाही तर कायमचं. यात नुसता नियमभंग नाही. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला २०२१ मध्ये एफएम व्हॉट्सॲपच्या एका आवृत्तीत ट्रायडा नावाचा ट्रोजन (लपून शिरणारा घातक प्रोग्रॅम) सापडला, आणि २०२२ मध्ये यो व्हॉट्सॲपच्या एका आवृत्तीत खात्याच्या किल्ल्या पळवणारा कोड. अशी किल्ली हातात आली की दुसरा माणूस तुमच्या नावाने बोलू शकतो. तुमच्या नावाने सोसायटीच्या ग्रुपवर "अर्जंट पंधरा हजार पाठवा" असा मेसेज गेला, तर कोण कोण पाठवेल याचा विचार करा.

"पिंक व्हॉट्सॲप"ची लिंक २०२३ मध्ये अशीच पसरली होती. मुंबई पोलिसांना तिच्याबद्दल सावध करावं लागलं. व्हॉट्सॲपचा रंग बदलायला वेगळं ॲप कशाला हवं, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

इन्स्टाग्रामवर आणखी एक सापळा आहे, "तुमचं प्रोफाईल कुणी पाहिलं ते बघा". इन्स्टाग्राम ही माहिती बाहेरच्या कुठल्याच ॲपला देत नाही, खुद्द तुम्हालाही देत नाही. जे ॲप दाखवतंय ते मनाने नावं दाखवतंय, आणि तुमचा पासवर्ड मात्र खरा घेतंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने फेसबुकचे पासवर्ड चोरणारी चारशेहून जास्त ॲप सापडल्याचं जाहीर केलं. त्यांतली सर्वाधिक फोटो एडिटरच्या वेषात होती. काही आयफोनच्या स्टोअरवरही होती, तेव्हा "माझा आयफोन आहे, मला काय" असं म्हणून सुटका नाही.

पायरी चौथी: मधल्यांसाठी ब्राउझर

फेसबुक, एक्स, रेडिट, यूट्यूब. यांची थर्ड पार्टी ॲप एकतर मेली आहेत, किंवा कंपनीशी लपंडाव खेळत जगतायत. जाहिरातींशिवाय यूट्यूब दाखवणारं यूट्यूब व्हॅन्स्ड २०२२ मध्ये गूगलच्या कायदेशीर नोटिशीनंतर बंद झालं. जाहिराती अडवणाऱ्या बाहेरच्या ॲपवर कारवाई करणार असं यूट्यूबने २०२४ मध्ये उघड सांगितलं. न्यूपाइपसारखं खुल्या कोडचं ॲप आहे, त्यात गूगलचं खातं घालावंच लागत नाही म्हणून खातं जायची भीती नाही. पण यूट्यूबने आतलं काही बदललं की ते मधूनच बसतं, मग नवी आवृत्ती येईपर्यंत वाट पाहायची.

या सगळ्यापेक्षा फोनमध्ये फायरफॉक्स घ्या, त्यात या साइट उघडा, लॉगिन करा, आणि मेनूतून "होम स्क्रीनवर जोडा" करा. ॲपसारखंच चिन्ह येतं. ॲपला जितकी परवानगी लागते, संपर्क, लोकेशन, माइक, त्यातलं काही आपसूक जात नाही. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सला यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन लावता येतं. इथे माझं एक मत: मी ते मोठ्या बातम्यांच्या साइटवर लावतो, छोट्या मराठी चॅनेलवर बंद ठेवतो. कुणी घरच्या ओट्यावर उभं राहून थालीपीठ शिकवतंय, तिला त्या जाहिरातीतूनच चार पैसे मिळतात.

ब्राउझरमध्ये सूचना वेळेवर येत नाहीत. बऱ्याच जणांना हा तोटा वाटतो. मला वाटत नाही.

पायरी पाचवी: उतरवायचं कुठून

तिसऱ्या पायरीतून सुटलात आणि खरंच ॲप घ्यायचंय, तर ते शक्यतो प्ले स्टोअर किंवा ॲपल स्टोअरवरून. पण तिथे आहे म्हणजे सुरक्षित असं मानू नका. ईसेट या सुरक्षा कंपनीला २०२३ मध्ये सिग्नल प्लस मेसेंजर आणि फ्लायग्राम अशी दोन बनावट ॲप सापडली. एक सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या नावावर, एक टेलिग्रामच्या. ती गूगल प्ले आणि सॅमसंगच्या स्टोअरपर्यंत पोचली होती. सिग्नल प्लस तुमचं सिग्नल खातं गुपचूप हल्लेखोराच्या उपकरणाला जोडून ठेवायचं.

म्हणून स्टोअरचं पान नीट वाचायला शिका. ॲपच्या मोठ्या नावाखाली रंगीत अक्षरात बनवणाऱ्याचं नाव असतं. व्हॉट्सॲपच्या खाली "व्हॉट्सॲप एलएलसी" असतं, एक्सच्या खाली "एक्स कॉर्प". थर्ड पार्टीच्या खाली दुसरं नाव असणारच. त्या नावावर बोट लावा, त्याने बनवलेली बाकीची ॲप दिसतील. एकच ॲप वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस आणि टॉर्च, स्टिकर, "फास्ट क्लीनर", "स्टेटस सेव्हर" अशी वीस ॲप ओतणारा माणूस यांतला फरक तिथे लगेच कळतो. मग "या ॲपबद्दल" उघडून तळाशी जा. पहिल्यांदा कधी आलं आणि शेवटचं अपडेट कधी, दोन्ही तारखा असतात. परवानग्यांची यादीही तिथेच. पोस्ट वाचायच्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी कशाला? तिथूनच परत फिरा. "डेटा सेफ्टी" नावाचा जो विभाग दिसतो तो ॲपवाल्याने स्वतःच भरलेला असतो, गूगलने तपासून दिलेलं प्रमाणपत्र नव्हे. पाच तारे किती आहेत ते बघू नका, एक तारा देणारे काय म्हणतात ते वाचा, आणि तेही गेल्या महिन्या-दोन महिन्यांतले.

एफ-ड्रॉइड हे दुसरं ठिकाण. तिथे फक्त खुल्या कोडची ॲप असतात, आणि ॲपमध्ये न आवडण्यासारखं काही असेल तर ते पानावरच लिहिलेलं असतं. एफ-ड्रॉइड स्वतः प्ले स्टोअरवर नाही, त्याच्या साइटवरून घ्यावं लागतं. तेव्हा अँड्रॉइड "या स्रोतावरून अज्ञात ॲप इन्स्टॉल करू द्यायची का" असं विचारेल. ब्राउझरला तेवढ्यापुरती परवानगी द्या, काम झालं की सेटिंग्जमध्ये जाऊन काढून घ्या. नव्वद टक्के लोक ती तशीच उघडी ठेवतात असं मी म्हटलं तर तो माझा अंदाज आहे, पण तुमच्या फोनमध्ये आत्ता बघा.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल (अँड्रॉइड ॲप बसवायची फाईल) मात्र कधीही नाही. लग्नपत्रिका असो, ई-चलन असो, बँकेचं केवायसी असो. पत्रिका फोटोत येते, ॲपमध्ये येत नाही.

पायरी सहावी: आत कसं शिरायचं

लॉगिनच्या पडद्यावर बरंच काही कळतं. चांगलं ॲप तुमचा पासवर्ड स्वतःच्या चौकटीत मागत नाही. टस्की उघडलं की ते आधी तुमचा सर्व्हर कुठला ते विचारतं, मग त्या सर्व्हरचं लॉगिनचं पान उघडतं. वरच्या पट्टीत पत्ता त्या सर्व्हरचाच आहे ना, ते बघा. तिथे पासवर्ड घातल्यावर एक पान येतं: टस्कीला तुमच्या खात्यातलं वाचायचंय, तुमच्या वतीने लिहायचंय, परवानगी द्यायची का? "ऑथोराइज" दाबलं की परत ॲपमध्ये. टस्कीला पासवर्ड कळतच नाही, त्याला फक्त एक चिठ्ठी मिळते, जी तुम्ही कधीही फाडू शकता. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा लावलेलाच ठेवून दिंडी दरवाजातून एका माणसाला आत घेण्यासारखं हे आहे.

ब्लूस्कायच्या काही ॲपमध्ये हे असं नसतं, तिथे ॲप पासवर्ड चालतो. ब्लूस्कायच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटीत जाऊन नवा ॲप पासवर्ड बनवा. चार-चार अक्षरांचे चार गट येतील. ते एकदाच दिसतात, तेव्हाच उचलून बाहेरच्या ॲपमध्ये घाला. खासगी मेसेज वाचायची परवानगी द्यायची का, असा चौकोन असतो. नवं ॲप तपासत असाल तर तो रिकामा ठेवा.

टेलिग्रामवर पासवर्डऐवजी कोड येतो, तोही टेलिग्राममध्येच. तो कुणाला सांगायचा नसतो हे माहीत असेलच. त्याआधी सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून ठेवा, म्हणजे कोड एखाद्याला मिळाला तरी पुढे अडेल.

आणि एखादं ॲप इन्स्टाग्रामचा किंवा फेसबुकचा पासवर्ड आपल्याच चौकटीत टाइप करायला सांगत असेल, तर ॲप तिथेच काढून टाका.

मंडळाच्या, दुकानाच्या, क्लासच्या पानांसाठी

इन्स्टाग्रामसाठी कधीही नाही असं वर म्हटलं, त्याला एवढा अपवाद. इथे थर्ड पार्टी ॲप उपयोगाची असतात, आणि राजरोस असतात. गणपतीच्या दहा दिवसांत रोज आरतीची वेळ, देखाव्याचे फोटो, विसर्जन मिरवणुकीचा मार्ग टाकायचा तर ऐन वेळी ढोलाच्या आवाजात कुणाला सुचत नाही. बफर, हूटस्वीट अशी ॲप पोस्ट आधी लावून ठेवतात, वेळ झाली की आपोआप टाकतात. ती कंपन्यांच्या अधिकृत एपीआयवरून चालतात. इन्स्टाग्रामसाठी खातं प्रोफेशनल प्रकारचं करावं लागतं, ते फुकट आहे. तरी फक्त फेसबुक आणि इन्स्टाग्राम एवढंच असेल तर आधी मेटा बिझनेस सूट बघा, तेही फुकट आणि मेटाचंच. पाच ठिकाणी एकदम टाकायचं असेल तेव्हा बफरकडे जा.

मंडळाचा पासवर्ड कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकू नका. फेसबुक पानावर प्रत्येकाला वेगवेगळा अधिकार देता येतो. यंदाचा सोशल मीडियावाला मुलगा पुढच्या वर्षी नोकरीला हिंजवडीला गेला की त्याचा अधिकार काढायचा, बस. पासवर्ड बदलून पंचवीस जणांना कळवत बसायला नको.

फोनवर आधीच जीबी असेल तर

आज काढा, पण थेट अनइन्स्टॉल करू नका, चॅट जातील. आधी जीबीच्या मेनूतून चॅटचा बॅकअप घ्या. फाइल्समध्ये जाऊन "जीबी व्हॉट्सॲप" नावाचा फोल्डर शोधा आणि त्याचं नाव बदलून नुसतं "व्हॉट्सॲप" करा. मग प्ले स्टोअरवरून मूळ व्हॉट्सॲप घ्या, नंबर घाला, रिस्टोअर विचारलं की हो म्हणा. ही कृती व्हॉट्सॲपनेच आपल्या मदतीच्या पानावर दिलेली आहे, पण ती दरवेळी साधेलच असं नाही. म्हणून महत्त्वाच्या चॅट आधी एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा, आणि फोटो वेगळे काढून ठेवा. खातं तात्पुरतं बंद झालं असेल तर पडद्यावर उलटं मोजणारं घड्याळ दिसतं. ते संपेपर्यंत थांबायचं. मूळ ॲप चालू झाल्यावर "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडा आणि अनोळखी उपकरण दिसलं की लॉगआउट करा. मग प्ले स्टोअरमध्ये वरच्या फोटोवर बोट लावून प्ले प्रोटेक्टचं (गूगलच्या ॲप-तपासणीचं) स्कॅन चालवा.

शेवटची पायरी: बाहेर पडायची रीत

थर्ड पार्टी ॲप आवडलं नाही म्हणून फोनवरून काढलं, तरी दिलेली परवानगी तशीच राहते. ती त्या सेवेच्या आत जाऊन काढावी लागते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर सेटिंग्जमधलं "ॲप्स अँड वेबसाइट्स". एक्सवर "सिक्युरिटी अँड अकाउंट ॲक्सेस"च्या आत "ॲप्स अँड सेशन्स". गूगल खात्यात सुरक्षेच्या विभागात थर्ड पार्टी कनेक्शन्स. मॅस्टोडॉनवर प्रेफरन्सेसमध्ये अकाउंटखाली "ऑथोराइज्ड ॲप्स". टेलिग्रामवर "डिव्हाइसेस", तिथे प्रत्येक ॲप आपापल्या नावाने दिसतं. पहिल्यांदा ही यादी उघडाल तेव्हा चकित व्हाल. "तुम्ही मागच्या जन्मी कोण होता" सांगणाऱ्या कुठल्याशा खेळाला दिलेली परवानगीही तिथे निघते. एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपमधूनच ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतचा फेसबुक डेटा केम्ब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेला असावा, असं २०१८ मध्ये फेसबुकने मान्य केलं होतं. त्यातल्या बहुतेकांनी ती चाचणी दिलीही नव्हती, त्यांच्या मित्रांनी दिली होती.

कुठल्याही ॲपच्या चौकटीत पासवर्ड थेट टाइप केला असेल तर तो बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही.

पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. पुणे शहराचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे. पिंपरी-चिंचवडला राहत असाल तर तुमचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, तिकडे जा. जाताना फोन रिसेट करून नेऊ नका. ते ॲप, त्याची फाईल आली तो मेसेज आणि बँकेचे एसएमएस जसेच्या तसे राहू द्या, आणि त्यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.